सात पायऱ्यांचा पडदा

रज्जाकभाऊ पडदेवाले, वडसा, जिल्हा गडचिरोली, आणि त्यांच्या घरच्या शमीमभाभी. ही दोन नावं मी सगळ्यात आधी लिहून ठेवते. पुढचं लिहिताना काही विसरले, कुठे चुकले, तरी ही नावं राहायला हवीत. त्या दोघांनी ओळखपाळख नसताना मला घरात घेतलं, अंगात स्वेटर घातला, आणि ज्या गावाचं नावही मला ठाऊक नव्हतं तिथे नेऊन पोचवलं.

मी मिरजेची. साड्यांना फॉल-पिको करते. गल्लीतल्या बायका विचारतात, एवढ्या लांब त्या जंगलात काय बघून आलीस? सांगायला बसलं की कोणाच्या तरी कुकरची शिट्टी होते आणि अर्ध्यात उठतात. म्हणून लिहून काढतेय. सातवीतून शाळा सुटलेली बाई आहे मी, लिहायची सवय म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव आणि साडीचा रंग, एवढीच.

माझी आई नाटकात काम करायची. आमच्या भागातली नाटकं कमी झाली तशी ती झाडीपट्टीत जाऊ लागली. चंद्रपूर, गडचिरोली आणि त्याला लागून असलेला जंगलाचा आणि भाताचा मुलूख, त्याला झाडीपट्टी म्हणतात. भात कापून घरात आला की तिथे गावोगाव नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत चालतात. तेव्हा गावातले लोकच नाटक बसवायचे, पुरुषांची कामं स्वतः करायचे आणि बायकांच्या कामांसाठी बाहेरून नटी बोलावायचे. भाऊबीज झाली की आई ट्रंक घेऊन जायची, ती शिमग्याला परत. असे आठ हिवाळे. वडील स्टेशनवर पार्सलच्या कामाला, धाकटा भाऊ पाच वर्षांचा. भाकरी थापायला कोणी नाही म्हणून पहिल्याच हिवाळ्यात माझी शाळा बंद झाली.

गल्लीत बायका विचारायच्या, "मंजू, आई गेली का गं नाचायला?" घरात आणि गल्लीत मी मंजू. मंजिरी हे नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर, आणि आईच्या तोंडी कधीतरी. मी त्या बायकांवर चिडायची नाही, आईवर चिडायची. ती शिमग्याला आली की चार-चार दिवस मी तिच्या हाकेला ओ द्यायची नाही. एका वर्षी ती ट्रंक भरता भरता म्हणाली, "यंदा चल माझ्याबरोबर. बघ तरी मी काय करते तिथे." मी म्हणाले, "मला नाही बघायचं." तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

आई जाऊन चार वर्षं झाली. मागच्या दिवाळीत ट्रंक साफ करताना तळाच्या कागदाखाली एक फोटो सापडला. आई नऊवारीत उभी, मागे रंगवलेला पडदा, त्यावर नदी आणि घाट. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं एकच शब्द, वडसा. तो फोटो मशीनच्या खणात ठेवला आणि दोन महिने रोज खण उघडून बघितला. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की तिकडे असताना आम्ही तिच्या मनात होतो का. हे आता कोणाला विचारायचं? जिला विचारायचं तीच गेली. पण फोटोतला पडदा कुठेतरी असेल, तो बघितलेलं कोणीतरी असेल, असं वाटत राहिलं. जानेवारीत दुकान आठ दिवस बंद ठेवलं आणि निघाले.

वडसा

मिरजेहून गोंदियापर्यंत एक गाडी आणि गोंदियाहून पुढे दुसरी. दुसऱ्या गाडीत मी इतकी घाबरलेली होते की प्रत्येक स्टेशनाला उठून दारात जायची. शेवटी वडशाच्या एक स्टेशन आधीच उतरले. फलाटावर चहावाला बघत होता. म्हणाला, "कुठी जायचं जी बाई?" मी म्हणाले, वडसा. त्यानं किटली खाली ठेवली, माझी पिशवी उचलली, सुटलेल्या गाडीच्या दारात फेकली आणि मला मागून ढकललं. एक चप्पल तिथेच राहिली. अशी मी वडशाला एका चपलेवर उतरले.

वडसा लहान गाव, पण नाटकाच्या कंपन्यांची पेठ आहे. आमच्याकडे जसे ओळीनं सतारी-तंबोऱ्यांचे कारागीर, तशी तिथे ओळीनं नाटकवाल्यांची ऑफिसं. दारात रंगीत फलक, त्यावर रडणारी आई, बंदूक धरलेला मुलगा, खाली 'तीन अंकी कौटुंबिक नाटक'. आत सतरंजीवर गावोगावचे लोक तारखा घ्यायला बसलेले. आपण मंगल कार्यालय ठरवताना करतो तशीच घासाघीस. एकजण म्हणत होता, "मागच्या साली तुमचा कॉमेडीवाला झोपला होता जी. यंदा त्याले दुपारी जेवण देऊ नका."

पहिल्या ऑफिसातल्या मॅनेजरनं फोटो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "मावशी, हे माझ्या जन्माच्या आधीचं हाय." तो वाईट बोलला नाही, चहा दिला. दुसरीकडेही तेच, तिसरीकडेही तेच. नटीचं नाव सांगितलं तर म्हणाले, इतक्या येऊन गेल्या, कोणाकोणाचं ध्यानात ठेवणार. मी पायरीवर बसले. नवी घेतलेली स्वस्तातली चप्पल चावत होती, आणि कशाला आलो असं झालं होतं. तेव्हा त्या पहिल्या मॅनेजरनं माझ्यामागे माणूस पाठवला. म्हणे, जुना पडदा आहे तर रज्जाकभाऊकडे जा, कापडबाजाराच्या मागे.

रज्जाकभाऊ सत्तरीचे असतील. एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांच्या वडलांच्या वेळेपासून घरात नाटकाचे पडदे रंगवायचं काम, आता फ्लेक्स आल्यापासून फारसं कोणी येत नाही. दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या मागची नावं, असलं रंगवतात. त्यांनी फोटो उजेडात धरला. आईच्या तोंडाकडे बघितलंच नाही. नखानं मागच्या घाटावर काहीतरी मोजलं.

"सात," ते म्हणाले. "शमीम, इकडं ये. अब्बाची नदी."

शमीमभाभी कणकेच्या हातांनी आल्या.

"बाकी पेंटर पायऱ्या काढत जाये, कपडा संपेपर्यंत," रज्जाकभाऊ मला सांगू लागले. "अब्बा सातच काढत. आठवीच्या जागी पाणी. ह्या पडद्याले मी खळ लावली होती, बारा-तेरा वर्षांचा होतो मी. सिरसटोल्याच्या मंडळाचा हाय. चामोर्शीच्या पुढं. वडसा लिहिलं थे फोटोवाल्याचं गाव असेल."

"सातच का?" मी विचारलं.

"काय माहीत. विचारलं नाई कधी." त्यांनी फोटो परत दिला. "बापाले आपण काय काय विचारतो ताई?"

मला रडू आलं. अनोळखी माणसांसमोर, एका मिनिटात. भाभींनी हात धुतले. आतून करड्या रंगाचा पुरुषी स्वेटर आणला आणि लहान मुलाला घालतात तसा माझ्या डोक्यातून घातला. "पहले हे घाला. तुमच्या मिरजेत थंडी नसते का? पातळ शाल घेऊन कोणी इथी येते का?"

त्या घरी मी दोन दिवस राहिले. तांदळाची भाकरी, जवसाची चटणी, वांग्याचा झणझणीत रस्सा. आमच्याकडे भात म्हणजे जेवणाच्या शेवटी, पोट भरत आल्यावर. तिथे भातानं सुरू आणि भातानंच शेवट. मला ज्वारीची भाकरी लागते म्हटल्यावर भाभींना माझी दया आली. रज्जाकभाऊ भिंतीला टेकून जुनं सांगायचे. आधी शेतात दंडार व्हायची, गावातलेच लोक नाचून-गाऊन सोंगं करायचे. मग दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्या बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी रात्री नाटक, अशी रीत पडली. लोक छकडे जुंपून यायचे, बैलांसकट मुक्कामाला. त्यांचे अब्बा पडद्याची गुंडाळी बैलगाडीत घालून पाच-पाच दिवस फिरायचे. मुसलमानाच्या घरचा पडदा आणि त्याच्यापुढे गावची गणपतीची नांदी. "अब्बाले नांदी पाठ होती," भाऊ म्हणाले. "कोणी चुकलं तर मागून सांगे."

"यांना सांगायला माणूस भेटला," भाभी आतून म्हणाल्या. "नाही तर मला पडदे शिकवत बसतात. चाळीस वर्षं झाली, मला अजून नदी येत नाही."

सिरसटोल्याचं नाटक त्याच आठवड्यात होतं. भाऊंनी फोन लावून विचारलं. मी पत्ता लिहून मागितला, पत्त्याखाली बसच्या वेळा, त्याखाली कोणाला काय विचारायचं ते. कागद भरत आला तेव्हा भाऊ म्हणाले, "ताई, मीच येतो. तो पडदा मलेबी एकदा पाह्यचा हाय. अब्बा गेल्यावर पाह्यलाच नाई."

निघण्याआधी मी त्यांच्याकडून एक कबूल करून घेतलं. गावात माझी ओळख द्यायची नाही, वडशाच्या पाहुण्या म्हणून सांगायचं. आईबद्दल तिथले लोक काय म्हणतील याची मला भीती होती. वाईट म्हणणार असतील तर माझ्या तोंडावर गोड बोलतील आणि मला खरं कळणार नाही. आणि खरं वाईटच असेल तर निदान कोणाला न कळता परत येता येईल.

चामोर्शीच्या रस्त्यानं

एसटीनं आरमोरी, गडचिरोली, मग चामोर्शी. आमच्याकडे उसाच्या फडात रस्ता बुडतो, इथे सागात बुडतो. मैलोन्मैल पानं झडलेले उंच साग, मध्येच मोकळी शेतं आणि त्यात भाताची कापलेली खुंटं, बांधाला तणसाचे, म्हणजे पेंढ्याचे, ढीग. एका वळणावर वाघाची पाटी, सायंकाळनंतर दुचाकीनं एकटे जाऊ नये. पाटीखाली एक म्हातारा निवांत बसची वाट बघत बिडी ओढत होता.

बसमध्ये निम्म्या बायका माहेरी चालल्या होत्या, आणि कारण विचारलं तर सगळ्यांचं एकच, गावात नाटक आहे. आमच्याकडे मुली जत्रेला येतात, उरुसाला येतात. इथे नाटकाला. भावाचं आमंत्रण येतं, सासरचेही सोबत येतात, घरात वडे तळतात, उपवर मुलं-मुली बघून होतात, नाटक बघता बघता सोयरिकी जुळतात. माझ्या शेजारच्या बाईच्या मांडीवर अनारशांचा डबा होता. तिनं विचारलं, "तुमच्या गावाले कधी असते नाटक?"

मी सांगितलं, आमच्या गावात मोठं नाट्यगृह आहे, पक्कं, खुर्च्यांचं, वर पंखे. आमच्या भागात नाटकाची फार जुनी परंपरा. पण आता महिनेच्या महिने कुलूप असतं. कधी शाळेचं संमेलन, कधी कोणाचा सत्कार.

तिनं विचार केला. "मंग तुमच्या पोरी माहेरी कायले येतेत?"

 तिनं डबा उघडून माझ्या हातावर एक अनारसा ठेवला, जशी काही मीच सासुरवाशीण आहे.

सिरसटोला

दुपारी पोचलो. गावाबाहेर कापणी झालेल्या शेतात मैदान तयार केलेलं. तिथे खुर्च्यांची चढण नसते. प्रेक्षकांसाठी जमीनच उतरती खणतात आणि खणलेली माती पुढे टाकून तिचाच रंगमंच करतात. पुढचा माणूस खाली बसतो, मागचा वर. नाटक झालं की ती माती परत खड्ड्यात, आणि पावसाळ्यात तिथेच भाताची रोवणी. माझ्या गावचं कुलूप लावलेलं नाट्यगृह आठवलं. इथे नाट्यगृह दर वर्षी उगवतं आणि दर वर्षी मोडतं, आणि तरी आहे.

आम्ही उतरलो वच्छलाबाईंकडे. पंचाहत्तरीच्या, बुटक्या, कपाळावर ठसठशीत गोंदण. त्यांचे यजमान मंडळाचे जुने नट, आता नाहीत. ओसरीवर पाहुण्यांची दाटी, लेकी, जावई, नातवंडं. रज्जाकभाऊंनी सांगितलं, या आमच्या पाहुण्या, नाटक पाह्यला आल्या. वच्छलाबाईंनी मला बसायला सतरंजी दिली आणि आत तोंड करून हाक मारली, "मंजिरी, पाहुणीले पाणी आन वो."

मी उभीच राहिले. रज्जाकभाऊंकडे बघितलं, शब्द दिला होता ना, अशा नजरेनं. त्यांनी दोन्ही हात वर केले, मी काही बोललो नाही.

आतून पस्तीस-छत्तीस वर्षांची एक बाई पाण्याचा गडवा घेऊन आली. तिच्या मागून दुसरी, पदराला हात पुसत. "आई, मले हाक मारली का तिले?"

"कोणीबी या. पाणी आल्याशी मतलब."

"ह्या दोघींचं एकच नाव?" मी विचारलं. आवाज माझा मलाच वेगळा वाटला.

"दोघी नाई जी, तिघी," वच्छलाबाई म्हणाल्या. "ही माही लेक, ही पुतणी. तिसरी पलीकडच्या घरची, थे संध्याकाळी येते. तिघीबी नाटकासाठी माहेरी आल्या. आमच्या गावात मंजिऱ्या लय. थे नाटकाचं नाव हाय."

मी बसले. कोणतं नाटक, असं विचारलं.

"एक नाई, साऱ्या नाटकांचं." वच्छलाबाईंना सांगायला आवडत होतं, पुन्हा पुन्हा सांगून घासलेली गोष्ट होती ती. "तिकडली, तुमच्यावानी बोलणारी, एक बाई ये आमच्या नाटकाले. पाच वर्ष आली. या खोलीत राहे. पयल्या वर्षी नाटकात तिची लेक हरवते असा शीन होता. पुस्तकात लेकीचं नाव कमल. हिनं स्टेजवर येऊन हाक मारली, मंजिरी. प्रॉम्टर आतून सांगे, कमल म्हणा बाई, कमल. हिनं ऐकलंच नाई. मंग आमचे हे, बापाचं काम करत, थे आले अन् म्हणाले, कमल कुठी गेली? तर सारं पब्लिक वरडलं, कमल नाई, मंजिरी."

ओसरी हसली. सगळ्यांना पुढचं माहीत होतं आणि सगळे वाट बघत होते.

"दुसऱ्या वर्षी नाटकात लेकच नव्हती. लोक म्हणे, आता हे मंजिरी कुठून आनते पाहू. तिनं काय केलं, गाईले हाक मारली. गाय स्टेजवर नाई, आतमंधी. 'मंजिरी, थांब गं, आलेच मी.' अशी म्हणाली का, लोकायनं टाळ्या वाजवल्या. मंग रीतच पडली. यंदा मंजिरी कोन हाय, असं पोट्टे आधीपासून विचारत. त्या वर्षांत ज्या पोरी झाल्या त्यायची नावं मंजिरी. आता आमचे पोट्टे काम नाई करत, वडस्याची कंपनी आनते. पण कंपनीले आधीच सांगून ठेवतो, आमच्या गावात नाटक लावता तर एक मंजिरी पायजेच."

"तुम्ही विचारलं नाही का तिला, मंजिरी कोण?"

"विचारलं ना. याच ओसरीवर, तांदूळ निवडून राह्यलो होतो दोघी. म्हने, माझी पोरगी आहे. तिची शाळा सुटली माझ्यापायी. रागावली आहे. घरी हाक मारली तर ओ देत नाही, म्हणून इथून मारते."

कोणीतरी वडे आणले. गरम होते. मी हातात घेतला आणि धरून बसले. रज्जाकभाऊ अंगणाकडे बघत होते.

"तुमचं नाव काय बाई?" वच्छलाबाईंनी विचारलं, "एवढा वेळ झाला, नाव नाई विचारलं."

खोटं सांगायचं ठरवलं होतं. एक नावही ठरवून ठेवलं होतं. पण तोंडातून निघालं ते खरंच. "मंजिरी."

ओसरीवरचं एक नातवंड हसलं, "अजून एक." वच्छलाबाई हसल्या नाहीत. त्या सरकत माझ्यापर्यंत आल्या, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. मी पिशवीतून फोटो काढून दिला. त्यांनी फोटो बघितला नाही, मलाच बघत होत्या.

"थेच होय का तू," त्या म्हणाल्या. "कुठी होती वो एवढे दिवस?"

पडदा आणि हाक

संध्याकाळी रज्जाकभाऊ आणि मी मैदानावर गेलो. मंडळाची पोरं समाजमंदिरातून पेटी घेऊन आली. नाटकाचे पडदे आता कंपनीचे असतात, छापलेले. पण सिरसटोल्याला नांदीच्या वेळी अजून तोच जुना पडदा लावतात, नांदी झाली की उतरवतात. पेटी उघडली, डांबराच्या गोळ्यांचा वास आला. चौघांनी धरून पडदा उलगडला. नदी आली, पलीकडची झाडं आली, घाट आला. कापडाच्या दोन पट्ट्या जिथे जोडल्या होत्या तिथली शिवण उसवली होती, आडवी, हातभर. पाचवी आणि सहावी पायरी त्या फटीत गेलेली. लोकांनी दाभणानं कशीबशी टाचून घेतली होती, त्यानं आणखी चुण्या पडलेल्या.

रज्जाकभाऊंनी जवळ जाऊन बोटांनी पायऱ्या चाचपल्या, दोनदा. "पाच लागून राह्यल्या," ते म्हणाले. "डोळ्याचा दोष का कपड्याचा?"

"कापडाचा," मी म्हणाले. "शिवणीचा आहे. रंग गेलेला नाही भाऊ, आत दुमडलाय."

त्यांनी मान हलवली. मी त्या पडद्यापुढे उभी राहिले, फोटोत आई जिथे उभी होती तिथे, असं अंदाजानं. कोणाला फोटो काढायला सांगितलं नाही.

नाटक सुरू व्हायला दहा वाजले. थंडी अशी की शेजारणीच्या घोंगडीत माझे गुडघे, माझ्या शालीत तिचं पोर. पुढे खाली पेटी-तबलेवाले, जुन्या ढोलकीशेजारी नवीन इलेक्ट्रिकचं वाद्य. बायका शेंगदाणे खात होत्या, नटाचं चुकलं की मोठ्यानं सांगत होत्या, गाणं आवडलं की पुन्हा म्हणायला लावत होत्या. आमच्याकडे नाटकात खोकला आला तरी माणूस ओशाळतो. मला सुरुवातीला हे बरं वाटेना. मग वाटलं, आई आठ वर्षं अशांसमोर उभी राहिली. असे लोक समोर असतील तर माणूस एकटं पडत नाही.

तिघी मंजिऱ्या माझ्या पुढच्या ओळीत बसल्या होत्या. दुसऱ्या अंकात दिवा मंद झाला. नागपूरकडून आलेली तरुण नटी, विशीतली, डोक्यावर पदर घेऊन आली. तिचं घर जळालं होतं आणि पोर सापडत नव्हतं. सगळं मैदान गप्प झालं. शेंगदाण्याची टरफलंसुद्धा वाजेनात. लोक तयारीत होते, हे मला नंतर कळलं.

तिनं विंगेकडे तोंड करून हाक मारली, "मंजिरी. ए मंजिरी."

आणि माझ्या पुढच्या तिघी, लहान मुली शाळेत हजेरी देतात तशा, एका आवाजात म्हणाल्या, "ओ."

लोक हसले, टाळ्या पडल्या. दर वर्षीची गंमत होती ती. मी ओ दिली नव्हती. बारा वर्षांची असल्यापासून ती द्यायची राहिली होती. टाळ्या थांबल्या, नटी पुढच्या वाक्याला तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "ओ."

मोठ्यानं नव्हतं. पण सगळे गप्प होते. वच्छलाबाईंनी घोंगडीखालून माझा हात धरला आणि नाटक संपेपर्यंत सोडला नाही.

सकाळी अंगणात ती नटी चहा प्यायला आली, तोंडावरचा रंग अर्धा पुसलेला. मला म्हणाली, "मावशी, तुम्हीच का त्या? सगळ्यांची ओ झाल्यावर तुमची आली. मी वाक्यच विसरले."

मी म्हणाले, "हो गं. मला उशीर झाला."

परत

निघताना वच्छलाबाईंनी ओटी भरली. तांदूळ त्यांच्या शेतातले. म्हणाल्या, पुढल्या वर्षी नाटकाले माहेरी यायचं, बोलावणं पाठवते, नाई आली तर तुह्या नावाची गाय करून हाक मारीन. वडशाला भाभींना स्वेटर काढून द्यायला लागले तर त्यांनी तो परत माझ्या डोक्यातून घातला. रज्जाकभाऊ स्टेशनवर आले होते. गाडी सुटेपर्यंत ते प्रत्येक स्टेशनाचं नाव ओळीनं सांगत होते, म्हणजे मी आधी उतरणार नाही. मी हो हो म्हणत होते, आणि तरी कागदावर लिहून घेतलं.

इथे आल्यापासून ओटीच्या तांदळाचा मूठभर भात रोज करते, आमच्या पद्धतीनं, जेवणाच्या शेवटी. गल्लीत कोणी मंजू म्हणून हाक मारली की लगेच ओ देते. सवय करतेय.

रज्जाकभाऊंनी मला जे दिलं त्याची परतफेड कशी होणार ते मला कळत नाही. नदी मला काढता येत नाही, रंग समजत नाही. पण उसवलेली जाड शिवण सपाट कशी बसवायची, ती उजव्या बाजूनं दिसू कशी द्यायची नाही, हे मला येतं. तेच मी आयुष्यभर केलं आहे. मशीनच्या खणात, जिथे तो फोटो होता तिथे, मी जाड सुया आणि नदीच्या रंगाचा दोरा आणून ठेवला आहे. भाऊ, एका हिवाळ्यात मी ते घेऊन येईन. पडदा उलटा पसरून बसेन आणि तुमच्या अब्बाच्या दोन पायऱ्या बाहेर काढेन. मग तुम्ही बोटांनी मोजा. सात लागेपर्यंत मी उठणार नाही.